प्रेमाची आज्ञा देता येते का? यहुदी परंपरेतील ‘आहवा’विषयी

आपण विचारले आहे की, यहुदी धर्माची आपली ओळख 613 आज्ञांचा, काय खावे आणि शनिवारी काय करू नये हे सांगणारा धर्म अशीच झाली. मग त्यात प्रेमाला जागा कुठे आहे, आणि ‘प्रीती कर’ अशी आज्ञाच दिली असेल तर तिच्यातून जे उपजते त्याला प्रेम म्हणावे का? शिवाय हे सगळे कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या घरांत प्रत्यक्ष कसे दिसते, हेही आपल्याला हवे आहे. मी गेली तीसेक वर्षे मुलांना हिब्रू आणि तोरा शिकवतो, लग्नात हझान, म्हणजे प्रार्थना गाणारा, म्हणून उभा राहतो आणि समाजात कोणी वारले की मयताच्या कामालाही जातो. त्यामुळे माझ्या उत्तरात ग्रंथ आणि घर यांची सरमिसळ होईल, ती चालवून घ्यावी.

हिब्रूत प्रेमाला ‘आहवा’ म्हणतात. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, हे क्रियापद पहिल्यांदा येते ते आदाम आणि हव्वा यांच्या गोष्टीत येत नाही. ते येते उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात, जेव्हा अब्राहामाला सांगितले जाते की, तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तुझे प्रेम आहे तो इसहाक, त्याला घेऊन डोंगरावर जा. प्रेमाचा पहिलाच उल्लेख बापाच्या प्रेमाचा आहे आणि तोही ते हिरावले जाण्याच्या क्षणी. नवराबायकोच्या प्रेमाचा उल्लेख त्यानंतर दोन अध्यायांनी येतो आणि तिथला क्रम असा आहे: इसहाकाने रिबकेला तंबूत आणले, ती त्याची बायको झाली, आणि त्याचे तिच्यावर प्रेम बसले. वर्गात हे वचन आले की मुली हमखास हसतात. त्यांना मग मी पुढचे पान काढून दाखवतो, जिथे याकोब राहेलसाठी सात वर्षे राबतो आणि ती वर्षे त्याला थोड्या दिवसांसारखी वाटतात. दोन्ही तऱ्हा एकाच ग्रंथात आहेत आणि ग्रंथ त्यांत निवड करत नाही.

आज्ञा म्हणून तोरा तीन ठिकाणी प्रेम मागते: देवावर, ‘रेआ’वर म्हणजे सोबत्यावर किंवा शेजाऱ्यावर, आणि परक्यावर. आईबापांवर प्रेम कर असे ती कुठेही म्हणत नाही, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. त्यांना मान दे, त्यांचा धाक बाळग, एवढेच ती म्हणते, आणि तालमूद, म्हणजे जुन्या रब्बींच्या, धर्मगुरूंच्या, चर्चांचा ग्रंथसंग्रह, त्याचा हिशोब मांडतो: मान म्हणजे त्यांना खाऊपिऊ घालणे, कपडे घालणे, पांघरूण घालणे, हात धरून आत-बाहेर नेणे, धाक म्हणजे त्यांच्या जागेवर न बसणे, त्यांचे बोलणे न खोडणे. म्हाताऱ्या आईचे ज्याने केले आहे त्याला ही यादी वाचून कळते की ती कोणीतरी अनुभवाने लिहिली आहे. त्या दिवसांत मनात काय येते आणि काय जाते याचा जाब तोरा विचारत नाही. पांघरूण घातले की नाही, एवढेच विचारते.

आता आपला मुख्य प्रश्न. ‘वेआहव्ता लेरेअखा कामोखा’, म्हणजे आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे लेवीय 19:18 मधले वचन पुष्कळांना ठाऊक असते. पण ते अर्धेच ठाऊक असते. त्याच्या आधीचा अर्धा भाग ‘सूड घेऊ नको, डूख धरू नको’ असा आहे, आणि सूड कशाला म्हणावे व डूख कशाला, याचे उदाहरण तालमूदाच्या योमा या ग्रंथात दिले आहे. एकाने शेजाऱ्याकडे विळा मागितला आणि शेजारी नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी तोच शेजारी याच्याकडे कुऱ्हाड मागायला आला. ‘तू विळा दिला नाहीस, मी कुऱ्हाड देत नाही,’ असे म्हटले तर तो सूड. ‘ही घे, मी काही तुझ्यासारखा नाही,’ असे म्हणून दिली, तर तो डूख. पहिल्यात कुऱ्हाड मिळत नाही, दुसऱ्यात मिळते, पण दोन्ही निषिद्ध आहेत. प्रेमाचे वचन या विळ्या-कुऱ्हाडीला जोडून आलेले आहे, आणि म्हणून ‘आज्ञेने प्रेम कसे येईल’ या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर असे असते की, ते सगळ्यात आधी कुऱ्हाड देताना तोंडातून काय निघते तिथे येते. भावना मागाहून आली तर उत्तमच.

13व्या शतकातले स्पेनमधील भाष्यकार रामबान, म्हणजे मोशे बेन नाहमान, यांनी याच वचनाच्या व्याकरणावर बोट ठेवले आहे. देवावर प्रेम करण्याच्या आज्ञेत हिब्रू ‘एत’ हा थेट कर्म दाखवणारा शब्द वापरते. शेजाऱ्याच्या वचनात मात्र ‘ले’ आहे, ज्याला मराठीत ‘ला’ किंवा ‘साठी’ म्हणता येईल. मराठीत आपण प्रेम कोणा‘वर’ करतो, त्यामुळे भाषांतरात हा फरक पुसला जातो. रामबान म्हणतात की, दुसऱ्यावर अगदी स्वतःवर करतो तेवढे प्रेम करणे माणसाच्या काळजाला पेलणारे नाही. वचनाचे मागणे एवढे आहे की, स्वतःसाठी जे भले इच्छितो ते सगळे त्याच्यासाठीही इच्छावे, आणि ‘त्याला मिळो, पण माझ्यापेक्षा थोडे कमी’ अशी आतली कंजुषी ठेवू नये. माझ्या मते ‘आज्ञेचे प्रेम’ या अडचणीवर याहून प्रामाणिक उत्तर कुणी दिलेले नाही, कारण ते माणसाला देवदूत व्हायला सांगत नाही. पण त्याच्या मनातली नेमकी ती जागा दाखवते जिथे मत्सर दडून बसतो.

या वचनाला ‘तोराचे मोठे तत्त्व’ म्हणणारे रब्बी अकिवा. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले हे गुरू, परंपरेप्रमाणे चाळीस वर्षांचे होईपर्यंत निरक्षर गुराखी. त्यांचे समकालीन बेन अझाई यांना हे तत्त्व पुरेसे वाटले नाही. त्यांनी उत्पत्तीमधले ‘ही आदामाच्या वंशाची नोंद’ हे वचन त्याहून मोठे मानले, कारण त्यात सारी माणसे एकाच बापाची आणि देवाच्या प्रतिमेची ठरतात, आणि स्वतःलाच कमी लेखणारा माणूस ‘स्वतःसारखे’ या मापाने दुसऱ्यालाही कमी लेखील ही भीती उरत नाही. अकिवांनी हे तत्त्व सांगितले खरे, पण तालमूद त्यांच्याच चोवीस हजार शिष्यांची गोष्टही सांगतो, जे सारे एका हंगामात मेले, कारण त्यांनी एकमेकांचा मान राखला नाही. गुरूने जे शिकवले तेच शिष्यांना जमले नाही, ही नोंद झाकून न ठेवणाऱ्या परंपरेबद्दल मला आदर वाटतो.

अकिवांची मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट नेदारीम या ग्रंथात आहे. त्यांचा एक शिष्य आजारी पडला आणि विद्वानांपैकी कोणीच त्याला बघायला गेले नाही. अकिवा गेले. तिथे त्याच्यासमोर जमीन झाडली गेली आणि पाणी शिंपडले गेले, आणि तो बरा झाला व म्हणाला, ‘रब्बी, तुम्ही मला जिवंत केले.’ अरामी मजकुरातली ही दोन क्रियापदे मला मराठीत मुद्दाम समजावून सांगावी लागत नाहीत. केर काढणे आणि सडा घालणे ही रोजची कामे आहेत. औषध दिल्याचा किंवा प्रार्थना केल्याचा उल्लेख तिथे नाही. ज्याच्या खोलीत कित्येक दिवस केर निघालेला नाही असा एकटा आजारी माणूस आपण पाहिला असेल, तर ‘जिवंत केले’ या शब्दांत अतिशयोक्ती वाटणार नाही. 12व्या शतकात शास्त्रकार मैमोनिदीस यांनी आजाऱ्याची विचारपूस, शोकात असलेल्याचे सांत्वन, मयत पोहोचवणे, वधूला लग्नाला उभे करणे ही सगळी कामे याच ‘स्वतःसारखी प्रीती कर’ या एका वचनाखाली बसवली. या कामांना ‘गेमिलुत हसादीम’ म्हणतात. दानापेक्षा ती श्रेष्ठ मानली आहेत, कारण दान पैशाने होते आणि गरिबालाच लागते. ही कामे अंगमेहनतीनेही करता येतात आणि ती श्रीमंतालाही लागतात, मेलेल्यालाही.

स्त्रीपुरुषांच्या प्रेमाबद्दल आता थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच कायदा आणि प्रेम एकमेकांच्या वाटेत येतात असे लोकांना वाटते. लग्नात जी केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, वाचली जाते ती अरामी भाषेतली, कोरडी, हिशोबी कागदपत्रे असतात तशी आहे: कुमारिकेसाठी दोनशे झूझ, म्हणजे जुनी चांदीची नाणी, एवढे स्त्रीधन, अमुक साक्षीदार. नवरा तीत म्हणतो की मी राबेन, तुझा मान राखीन, तुला खाऊ घालीन, तुझा सांभाळ करीन. प्रेम हा शब्द तीत नाही. तो येतो त्यानंतरच्या सात आशीर्वादांत, आनंद, बंधुभाव, शांती आणि मैत्री यांच्या रांगेत. आणखी एक नियम असा की, पुरुषाने स्त्रीला प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज तिच्याशी विवाह ठरवू नये, कारण पुढे तिच्यात काही न आवडणारे दिसून ती त्याच्या मनातून उतरेल, आणि तोरा तर म्हणते की स्वतःसारखी प्रीती कर. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमाला इतके वरचे शास्त्रप्रमाण असेल असे कोणाला वाटले नसेल. अर्थात तिथे बघण्याचा हेतू मुलीची परीक्षा हा नाही, पुढे तिचा अनादर होऊ नये हा आहे.

अन्न आणि वस्त्र यांच्याबरोबर शरीरसुख हा बायकोचा हक्क आहे, आणि मिश्ना, म्हणजे तालमूदाचा गाभा असलेला जुना नियमसंग्रह, त्याचे वेळापत्रक नवऱ्याच्या धंद्याप्रमाणे लावते: ज्याला काम नाही त्याने रोज, मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवे हाकणाऱ्याने आठवड्यातून एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. पहिल्यांदा वाचताना हसू येते. पण तालमूद लगेच विचारतो की, गाढवे हाकणाऱ्याने जास्त पैशांसाठी उंटवाला व्हायचे ठरवले तर? आणि उत्तर देतो की, दहा मापे धान्य आणि दूर राहिलेला नवरा यापेक्षा बाईला एक माप धान्य आणि जवळ असलेला नवरा बरा वाटतो. ज्या कोकणातले निम्मे पुरुष मुंबईत चाकरमानी म्हणून राहिले आणि बायका गावी, तिथल्या माणसाला हे वाक्य दीड हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनचे वाटत नाही.

त्याच पानावर, तालमूदाच्या केतुबोत या ग्रंथाच्या 62व्या पानावर, दोन नवऱ्यांच्या गोष्टी आहेत. एक अकिवांची: बायकोच्या संमतीने ते बारा अधिक बारा अशी चोवीस वर्षे शिकायला दूर राहिले आणि परत आल्यावर शिष्यांना म्हणाले, ‘माझे आणि तुमचे जे काही आहे ते हिचे आहे.’ ही गोष्ट लोक आवडीने सांगतात. दुसरी कमी सांगितली जाते. राव रेहुमी माहोझाला गुरूकडे शिकत आणि दरवर्षी फक्त योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या दिवशी घरी येत. एका वर्षी ते अभ्यासात गुंगले. बायको वाट पाहत होती: आता येतील, आता येतील. ते आले नाहीत. तिच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळला. त्या वेळी ते ज्या छतावर बसले होते ते खाली कोसळले आणि ते मेले. रेहुमी या अरामी नावात प्रेमाचाच धातू आहे. तालमूद यावर एक अक्षरही टीका करत नाही. धर्मग्रंथाचा अभ्यास हे ज्यांच्या दृष्टीने सर्वांत पवित्र काम, त्याच लोकांनी हे लिहून ठेवले आहे, आणि ‘कोरडा कायदा’ म्हणणाऱ्यांना मी हेच पान वाचायला देतो.

परक्याविषयी लिहिताना मात्र थोडे जपून लिहावे लागते. ‘परक्यावर प्रीती करा, कारण तुम्ही मिसर देशात परके होता’ हे वचन आहे आणि परक्याला जपण्याची सूचना तोरात छत्तीस वेळा, काहींच्या मते सेहेचाळीस वेळा आली आहे, असे तालमूद मोजतो. पण नंतरच्या शास्त्रकारांनी ‘गेर’ या परक्यासाठीच्या हिब्रू शब्दाचा अर्थ बहुतांशी धर्मांतर करून आलेला असा घेतला आणि ‘रेआ’ म्हणजे इस्राएलातला बांधव, हे सांगितल्याशिवाय उत्तर अपुरे राहील. वर्तुळ कुठवर काढायचे हा वाद या परंपरेत आजही जिवंत आहे. आम्हा बेने इस्राएलांना तो पुस्तकातून शिकावा लागला नाही. इस्राएलला गेलेल्या आमच्या लोकांच्या लग्नांच्या वेळी त्यांची वंशावळ तपासावी असे निर्देश 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मसत्तेने काढले. जेरुसलेममध्ये आंदोलन झाले आणि 1964 मध्ये बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असे सरकारला जाहीर करावे लागले. ‘अहवत इस्राएल’, म्हणजे प्रत्येक यहुद्यावरचे प्रेम, हा शब्द ज्यांच्या तोंडी रोज होता, त्यांच्याकडूनच हे घडले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली आमची सात जोडपी ज्या गावांत तेलाचे घाणे घालून राहिली, तिथे त्यांना शनिवारी काम न करणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव मिळाले, पण कोणी वंशावळ मागितल्याचे आमच्या परंपरेत सांगत नाहीत.

कोकणात ग्रंथ नव्हते, हिब्रूही विसरली गेली होती. उरले होते ते शनिवारचे व्रत, सुंता, खाण्याचे काही नियम आणि ‘शेमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’, हे वचन, जे जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटले जाई. त्या वचनाच्या पुढचे वाक्य ‘सर्व हृदयाने, सर्व जिवाने आणि सर्व शक्तीने देवावर प्रीती कर’ असे आहे. मिश्ना ‘सर्व हृदयाने’चा अर्थ मनातल्या चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही ओढींनिशी असा लावते, आणि ‘सर्व शक्तीने’चा अर्थ पैशानिशी असा. रोमनांनी लोखंडी फण्यांनी अकिवांचे मांस ओरबाडले तेव्हा ते हेच वचन म्हणत होते, असे सांगतात. प्रार्थनेच्या क्रमात मात्र या आज्ञेच्या आधी एक आशीर्वाद आहे, ‘तू आमच्यावर सनातन प्रेम केलेस’ असा. मागणे नंतर येते, मिळालेले आधी मोजले जाते.

1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधले. त्याचे नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचे द्वार. रहामीम हा शब्द ‘रेहेम’पासून, म्हणजे गर्भाशयापासून आला आहे. मराठीत वात्सल्य वासरावरून आले तसाच हा प्रकार. घरात प्रेमाचा आवाज ऐकायचा असेल तर शुक्रवारी संध्याकाळी यावे, जेव्हा बाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. किंवा मलिदा या आमच्या विधीला यावे, जेव्हा भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हान्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, नाव घेतात आणि मग कोणाच्याही हातात ते पडते, तो आमचा असो वा शेजारचा. आमच्या लग्नात वधू आत येऊ लागली की नवरा उभा राहून तिच्यासाठी ‘योनाती’, म्हणजे ‘माझ्या पारव्या’, हे हिब्रू गीत स्वतः गातो. केतुबाचा हिशोब त्यानंतर वाचला जातो. सूर लागत नाही म्हणून घाबरलेले नवरे महिनाभर आधी माझ्याकडे येतात. बहुतेकांचा सूर त्या दिवशीही लागत नाही आणि त्याने काही बिघडत नाही.

शेवटी, आपण विचारलेत की ज्यात कसलीही परतफेड नाही असे प्रेम या परंपरेत कशाला म्हणतात. त्याला ‘हेसेद शेल एमेत’, खरी दया, असे नाव आहे आणि ते मयताच्या सेवेला दिलेले आहे, कारण मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही. पुरुषांचे पुरुष करतात, बायकांचे बायका. अंगावर नेहमी काही झाकलेले ठेवतात, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडतात, देहावरून वस्तू इकडून तिकडे देत नाहीत, कफन साधे पांढरे, बिनखिशाचे, गरीब-श्रीमंत सर्वांना सारखे. जगभरच्या अनेक समाजांत या वेळी ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यातल्या ओळी म्हणतात: त्याचे मस्तक चोख सोन्याचे, त्याचे डोळे कबुतरांसारखे. अकिवांनी ज्या काव्याला पवित्रांतले परमपवित्र म्हटले ते हेच. काम आटोपल्यावर मृताला त्याच्या नावाने हाक मारून, काही उणे राहिले असेल तर क्षमा कर, असे सांगतात.

काही वर्षांपूर्वी एक विशीतला मुलगा पहिल्यांदाच आमच्याबरोबर या कामाला आला होता. त्याला काय करायचे ते सांगितले होते, आणि तो घाबरलेला होता. पाणी कोमट असावे लागते. त्याने बादलीतून तांब्या भरला आणि कोणी न सांगता आधी थोडे स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिले, बाळाच्या अंघोळीला पाहतात तसे.